सेप्टिक टँक ‘भरली’ म्हणजे नेमके काय झाले?

गणपतीत घर माणसांनी भरलेले असते आणि नेमके त्याच दिवसांत शौचालयातले पाणी उतरेनासे होते. भुयारी गटारे न पोहोचलेल्या गावांत आणि छोट्या शहरांत हा अनुभव नवा नाही. ‘टाकी भरली’ असे निदान होते, उपसणारी गाडी बोलावली जाते, पैसे मोजले जातात आणि दोन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार सुरू होतो. याच गावात चार घरे सोडून राहणारे एखादे कुटुंब मात्र ‘आमची टाकी बांधल्यापासून वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे कौतुकाने सांगत असते. पहिल्या घराची टाकी बहुधा बिघडलेली नसते आणि दुसऱ्या घराची टाकी बहुधा नीट चाललेली नसते. हे उलटे वाटणारे विधान समजले, की टाकीची निगा राखण्यातले निम्मे काम झाले, कारण सगळा घोळ ‘भरली’ या एका शब्दात आहे.

अनेक गावांत ‘सेफ्टी टँक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टाकीचे मूळ नाव सेप्टिक टँक, म्हणजे कुजवणारी टाकी. इंग्लंडमधील एक्सेटर या शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये अशी टाकी बांधली आणि तिला हे नाव दिले. तिची रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. घरातून आलेला मैला आणि पाणी टाकीत शांतपणे थांबतात. जड पदार्थ तळाशी बसतात, त्याला गाळ म्हणू. तेल, चरबी आणि हलके तुकडे वर तरंगतात आणि दुधावर यावी तशी जाड साय धरतात. मधल्या थरात तुलनेने नितळ पाणी राहते आणि नवीन पाणी आत आले की तेवढेच मधले पाणी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून बाहेर पडते. तळाच्या गाळात प्राणवायूविना जगणारे जिवाणू असतात, ते मैल्याचा बराच भाग वायूंमध्ये आणि पाण्यात रूपांतरित करतात, पण सगळा करू शकत नाहीत. जे त्यांना पचत नाही ते तळाशी साठत राहते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी नितळ दिसले तरी रोगजंतूंनी भरलेले असते, म्हणून ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यात सोडायचे असते.

या वर्णनातून एक गोष्ट आपोआप निघते: चालू स्थितीतली सेप्टिक टँक नेहमी पाण्याने भरलेलीच असते. दोन हजार लिटरची टाकी धरा आणि पाच जणांच्या कुटुंबाच्या शौचालयातून माणशी रोज चाळीस लिटर पाणी जाते असे समजा. मग रोज दोनशे लिटर आत जातात, म्हणजे आज पूर्ण उपसलेली टाकी दहा दिवसांत पुन्हा बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते. हा बिघाड नव्हे. उपसल्यानंतर महिन्याने झाकण उघडून ‘अहो, पुन्हा काठोकाठ भरली’ म्हणणाऱ्या घरमालकाने निरोगी टाकी पाहिलेली असते. टाकीत किती पाणी आहे यावरून काहीच ठरत नाही, त्या पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तुलनेत कुठे आहे हे पाहायचे असते.

पातळी पाइपाच्या तळाशी बरोबर जुळत असेल तर पाण्याचा मार्ग ठीक आहे. पातळी पाइपाच्या वर चढलेली असेल तर टाकीच्या पुढे काहीतरी अडले आहे, म्हणजे पाइप तुंबला आहे किंवा शोषखड्डा पाणी शोषत नाही. अशा वेळी टाकी कितीही वेळा उपसली तरी दहा-बारा दिवसांचीच उसंत मिळते, आणि पहिल्या परिच्छेदातल्या घराचे दुखणे हेच आहे. पातळी पाइपाच्या खालीच राहत असेल तर टाकी गळते आहे. तिच्यातले पाणी, आणि त्याबरोबर मैलाही, तळातून किंवा भिंतींतून जमिनीत झिरपतो आहे आणि जवळ विहीर किंवा बोअर असेल तर तिकडे चालला आहे. वीस वर्षे न उपसलेल्या टाकीत अनेकदा असेच काहीतरी सापडते. तळाला कोबाच घातलेला नसतो, किंवा गाळ काठापर्यंत साठून गेली कित्येक वर्षे तो थेट गटारात वाहत असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. तळ न बांधलेला एकच खड्डा म्हणजे सेप्टिक टँक नव्हे, गवंड्याने त्याला काहीही नाव दिलेले असो. (ग्रामीण भागात सरकारी योजनेतून बांधलेली दोन शोषखड्ड्यांची शौचालयेही सेप्टिक टँक नव्हेत. तिथे एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा आणि पहिला किमान दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा असतो. या लेखातला हिशेब त्यांना लागू नाही.)

आता खऱ्या अर्थाने ‘भरणे’ म्हणजे काय, ते पाहू. तळाचा गाळ टाकीतल्या पाण्याच्या खोलीच्या साधारण एक तृतीयांश झाला, की मधल्या थराला जागा अपुरी पडू लागते, आलेला मैला खाली बसण्याआधीच पाण्याबरोबर पुढे ढकलला जातो आणि शोषखड्ड्यात जाऊन बसतो. टाकी उपसण्याची वेळ ती हीच. गाळ किती वेगाने साठतो हे माणसांच्या संख्येवर, आहारावर आणि हवामानावर अवलंबून असते, पण ढोबळ हिशेबासाठी पचून उरलेला गाळ माणशी वर्षाला चाळीस लिटर धरला, तर पाच जणांचा वर्षाला दोनशे लिटर होतो. दोन हजार लिटरच्या टाकीचा एक तृतीयांश भाग म्हणजे सुमारे ६६५ लिटर, म्हणून ही टाकी सव्वातीन वर्षांनी उपसावी लागेल. हेच कुटुंब हजार लिटरच्या टाकीवर असेल तर पावणेदोन वर्षांतच. मुले शिकायला बाहेर पडली आणि घरी दोघेच उरले, तर दोन हजार लिटरची तीच टाकी हिशेबाने आठ वर्षे जाईल, पण तितके थांबू नये. त्याचे कारण पुढे येईल.

भारतीय मानक ब्यूरोच्या सेप्टिक टँकविषयीच्या संहितेत (आयएस २४७०, भाग १, १९८५) हा संबंध सरळ दिसतो. दहा माणसांसाठी दोन मीटर लांब आणि नव्वद सेंटीमीटर रुंद टाकीत पाण्याची खोली एक मीटर ठेवली तर ती दरवर्षी साफ करावी लागेल असे तिथे धरले आहे, आणि तीच खोली १.४ मीटर केली तर दोन वर्षांनी. चाळीस सेंटीमीटर जास्त खणल्याने उपशाचे अंतर दुप्पट होते. घर बांधताना इतक्याशा खोदाईचा आणि विटांचा खर्च वाचवणे मला कधीच शहाणपणाचे वाटलेले नाही, कारण पुढे टाकी मोठी करणे जवळपास अशक्य असते. टाकीची लांबी रुंदीच्या दोन ते चारपट असावी, म्हणजे आलेले पाणी लगेच बाहेर न पडता सावकाश पुढे सरकते. मोठ्या टाकीत आत येणाऱ्या बाजूपासून दोन तृतीयांश अंतरावर आडवी भिंत घालून दोन कप्पे करावेत, म्हणजे पहिल्या कप्प्यातून निसटलेला गाळ दुसऱ्यात अडतो.

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग मात्र आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांना लावायचा इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा तुकडा आहे. बाहेर जाणाऱ्या पाइपाचा टी सायीच्या खाली मधल्या पाण्यात बुडालेला असतो, त्यामुळे फक्त मधलेच पाणी बाहेर पडते. तो निखळून पडला किंवा गवंड्याने लावलाच नाही, तर वरची तेलकट साय सरळ शोषखड्ड्यात जाते. अनेक घरांत ‘वारंवार भरणारी’ टाकी निव्वळ हा तुकडा नसल्यामुळे वारंवार भरत असते. टाकी उपसून रिकामी झाली, की टॉर्चचा उजेड वरून टाकून तो जागेवर आहे का, हे बाहेर उभे राहूनच पाहून घ्यावे.

शोषखड्ड्याचे दुखणे टाकीपेक्षा हट्टी असते आणि ते जागेनुसार बदलते. कोकणातल्या जांभ्यात पाणी झरझर मुरते, त्यामुळे तिथे शोषखड्डा क्वचितच तुंबतो, पण मुरलेले पाणी विहिरीपर्यंतही तितक्याच सहज पोहोचते. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यात किमान १८ मीटर अंतर ठेवावे असे सांगितले जाते, ते अशा जमिनीत तर अपुरेच मानून जमेल तितके वाढवावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत उलट परिस्थिती असते. ती ओली झाली की फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि पाणी जवळपास मुरेनासे होते. सह्याद्रीच्या पूर्वेला अनेक ठिकाणी दोन-तीन फुटांवर काळा पाषाण लागतो आणि खड्डा म्हणजे पाण्याचा हौद होऊन बसतो. अशा जमिनीत एकच खोल खड्डा खणण्यापेक्षा उथळ आणि लांब चर खणून त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप घालणे अधिक उपयोगी पडते, कारण पाणी वरच्या, तुलनेने सच्छिद्र थरात पसरते. तुंबलेल्या शोषखड्ड्याच्या भिंतींवर चिकट काळा थर बसलेला असतो. तो टाकीतून निसटलेल्या गाळामुळेच वाढतो. म्हणजे टाकी वेळेवर न उपसल्याची किंमत बहुतेक वेळा शोषखड्डा मोजतो, आणि नवा शोषखड्डा खणणे एका उपशापेक्षा कितीतरी महाग पडते.

पावसाळ्याचे गणित तर डोळे उघडणारे आहे. कोकण किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तो पडला, की हंगामभरात तीन लाख लिटर पाणी होते. पन्हाळीचा पाइप सोयीचा म्हणून टाकीच्या चेंबरला जोडलेला असेल, तर हे सगळे पाणी टाकीतून जाते, तळाचा गाळ ढवळते आणि शोषखड्डा बुडवते. अंगणाचा उतार झाकणाकडे असणे, झाकणाच्या कडा सिमेंटने न बुजवणे, हीही तीच चूक, थोड्या लहान प्रमाणात. पावसाळ्यात पाणी उतरत नाही म्हणून टाकी उपसण्याआधी पन्हाळ कुठे जोडली आहे ते पाहावे. भूजलाची पातळी वर आलेली असताना टाकी पूर्ण रिकामी करणेही धोक्याचे असते, विशेषतः ती तयार प्लॅस्टिकची असेल तर. रिकामी टाकी पाण्यात बुडवलेल्या रिकाम्या डब्यासारखी वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. उपसा उन्हाळ्यात, शक्यतो एप्रिल-मेमध्ये उरकावा.

घरातल्या पाण्याच्या वापराबद्दल एक बारकावा आहे. जास्त पाण्याने गाळ वाढत नाही. पण जास्त पाणी गाळाला बसू देत नाही आणि शोषखड्ड्याला दमवते. फ्लशची टाकी मिनिटाला फक्त पाव लिटर गळत असेल, तर दिवसाला ३६० लिटर पाणी निरुपयोगी आत जाते, म्हणजे वर धरलेल्या पाच माणसांच्या शौचालयाच्या वापराहून जास्त. कमोडच्या आतल्या कडेवरून पाण्याची बारीक धार सतत दिसत असेल, तर आधी फ्लशच्या टाकीतला वॉशर बदलावा. न्हाणीघर, कपड्यांचे यंत्र आणि स्वयंपाकघराचा सिंक यांचे पाणी लहान टाकीत न सोडता वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळी, अळू, कर्दळीकडे वळवले तर टाकीला मोठा आधार मिळतो. ते शक्य नसेल, तर निदान सिंकच्या पाइपावर तेल अडवणारे छोटे चेंबर असावे आणि ते महिन्या-पंधरा दिवसांनी रिकामे करावे. ताटातले खरकटे, आमटीवरचा तवंग, चहाचा चोथा आणि भांडी घासायची राख यांना टाकीत काहीही काम नाही.

जे कधीच कुजत नाही ते टाकीत गेले, की उपशाचे अंतर थेट कमी होते: सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स (पाकिटावर ‘फ्लश करता येते’ असे छापलेले असले तरी), केसांचे गुंते, गुटख्याच्या पुड्या, कंडोम. शौचालयात झाकणाची कचऱ्याची बादली ठेवली तर घरातल्या पाहुण्यालाही वेगळे सांगावे लागत नाही. औषधे, रंगाचे पाणी, कीटकनाशकाचे उरलेले द्रावण आणि बाटलीभर अ‍ॅसिड यांनी टाकीतले जिवाणू मरतात. आठवड्याला थोडे शौचालय-क्लीनर वापरल्याने मोठे नुकसान होत नाही, पण वास येतो म्हणून थेट चेंबरमध्ये फिनेल ओतणे म्हणजे कामावरच्या माणसांनाच घरी पाठवणे आहे. वास बहुधा वायुनळीतून येतो. ती छपराच्या वर दोन मीटर नेलेली असली आणि तोंडावर बारीक जाळी असली, तर वासही वर निघून जातो आणि टाकीत डासांचीही पैदास होत नाही.

उपसा टाळण्यासाठी टाकीत गूळ, दही, यीस्ट, शेण किंवा पाकिटातली ‘जिवाणूंची पावडर’ टाकण्याचे सल्ले सगळीकडे मिळतात. माणसाच्या विष्ठेतच टाकीला हवे ते जिवाणू अब्जावधींनी असतात आणि रोज नव्याने येतात, त्यामुळे त्यांची वर भर घालण्याची गरज नसते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही घरगुती टाकीसाठी अशी मिश्रणे गरजेची मानत नाही. शेणाने तर गाळ वाढतो, कारण त्यातले तंतू सहज कुजत नाहीत. वर्षानुवर्षे साठलेला गाळ नाहीसा करणारी पावडर नाही, आणि तो ‘पातळ’ करून पुढे ढकलणारी पावडर असलीच तर ती शोषखड्ड्याची शत्रू आहे.

आता प्रत्यक्ष उपशाकडे वळू, कारण फसगत इथे सर्वाधिक होते. गाडीवाले बहुतेकदा खेपेवर पैसे घेतात, आणि पातळ पाणी ओढणे सोपे, गाळ ओढणे कष्टाचे असते. नळी वरच्या वर धरून पाणी ओढले, टाकी रिकामी दिसली, गाडी निघून गेली, आणि दोन फूट गाळ तसाच राहिला, असे घडले तर आपण पैसे देऊन फक्त दहा दिवसांची जागा विकत घेतलेली असते. नळी तळापर्यंत सोडायला सांगावे, गाळ ढवळून किंवा थोडे पाणी परत मारून ओढायला सांगावे आणि दोन्ही कप्प्यांची झाकणे उघडायला लावावीत, कारण एकाच झाकणातून काम उरकण्याकडे कल असतो. टाकी धुऊन लख्ख करायची नसते. तळाशी इंचभर गाळ राहू द्यावा, म्हणजे जिवाणूंचे विरजण शिल्लक राहते. झाकणावर फरशी बसवलेली असेल तर दर वेळी ती फोडावी लागते, आणि फोडण्याच्या आळसाने उपसा लांबतो, म्हणून प्रत्येक कप्प्यावर उचलता येईल असे झाकण ठेवायला गवंड्याला बांधकामातच सांगावे.

गाडीतला मैला कुठे रिकामा होणार, हेही विचारावे. तो ओढ्यात ओतला जाणार असेल, तर आपल्या दारातली घाण फक्त पुढच्या वळणावर नेली गेली. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी फोन येण्याची वाट न पाहता ठरलेल्या क्रमाने प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसण्याची आणि मैल्यावर वेगळ्या केंद्रात प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभी केली आहे. तीन वर्षांचा हा फेरा आपल्या वरच्या हिशेबाशी जुळतो, हा योगायोग नव्हे.

दोघेच राहत असले तरी आठ वर्षे थांबू नये असे वर म्हटले, त्याचे कारण असे की फार वर्षे पडून राहिलेला गाळ तळाशी घट्ट होतो आणि पंपाच्या नळीने ओढला जात नाही. मग कोणीतरी सुचवते, ‘माणूस आत उतरवू’. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतात आणि प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्याचा वास असतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे धोका नाही’ ही समजूत जीवघेणी ठरते. एकाला काढायला उतरलेला दुसरा आणि तिसराही अशा टाकीत गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि घरमालकही त्यातून सुटत नाही. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. तीन-चार वर्षांतून एकदा उपसा करणाऱ्या टाकीतला गाळ पातळ राहतो, यंत्राने निघतो आणि कोणालाही आत उतरवण्याचा विचारसुद्धा करावा लागत नाही.

गाळ किती झाला, हे मात्र बाहेरून मोजता येते. टाकीपेक्षा दोन-तीन फूट लांब काठीच्या खालच्या निम्म्या भागाला पांढरे जुने टॉवेल घट्ट गुंडाळून बांधावे, झाकण उघडून वायू निघून जाण्यासाठी थोडा वेळ दूर थांबावे, मग उभ्यानेच, तोंडावर वाकून न पाहता, काठी बाहेर जाणाऱ्या पाइपाजवळ तळापर्यंत सोडून दोन-तीन मिनिटांनी सावकाश वर घ्यावी. टॉवेलवर जिथपर्यंत काळा चिकट गाळ लागलेला असेल तेवढी त्याची उंची. जवळ विडी, काडी किंवा दिवा नको, लहान मुले नकोत आणि एकट्याने करू नये. काठी आणि टॉवेल नंतर टाकून द्यावेत आणि हात साबणाने धुवावेत. गाळाची उंची, उपसल्याची तारीख, घरात तेव्हा किती माणसे होती आणि किती खेपा लागल्या, हे घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलीत एका कागदावर लिहून ठेवले, तर दोन नोंदींनंतर आपल्याच टाकीचा वेग कळतो. समजा, उपसल्यावर दोन वर्षांनी १.२ मीटर खोल पाण्यात गाळ पंचवीस सेंटीमीटर भरला, तर वर्षाला साडेबारा सेंटीमीटर, आणि चाळीस सेंटीमीटरच्या खुणेपर्यंत पोहोचायला अजून सव्वा वर्ष आहे. पुढच्या उन्हाळ्यात गाडी सांगून ठेवली की झाले.